देवगिरीतील साहांचा माग

मुंबईच्या उपनगरांतील यात्रा कंपन्यांच्या जाहिरातींत अलीकडे पालिताणा, शिखरजी आणि श्रवणबेळगोळ यांच्या पंक्तीला ताश्कंद आणि समरकंद ही नावे येऊन बसली आहेत. ‘महाराज सोबत, जैन भोजन, सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय’ अशी हमीही त्यांत असते (येथे महाराज म्हणजे स्वयंपाकी, हे उपनगरांतील वाचकांना सांगण्याची गरज नाही). समरकंद पाहावे, अवश्य पाहावे. रेगिस्तानचा चौक, उलुगबेगच्या वेधशाळेचे अवशेष, तैमूरचा मकबरा ही जगातील थोर स्थळे आहेत. मात्र ज्या प्रवाशाने चौदाव्या शतकात समरकंद पाहिले आणि त्याचे वर्णन करून ठेवले, त्यानेच पुढे आपल्या महाराष्ट्रातील एक राजधानीही पाहिली. तिचे जे वर्णन त्याने केले त्यात आपल्यापैकी अनेकांच्या आडनावाचा उल्लेख सापडतो. त्या राजधानीला जायला पारपत्र लागत नाही. रात्री ठाण्याहून गाडीत बसले की पहाटे पोहोचता येते.

तो प्रवासी म्हणजे मोरोक्कोचा इब्न बतूता. 1333च्या सुमारास बुखारा आणि समरकंद पाहून तो हिंदुस्थानात आला. तैमूरचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. आजचे पर्यटक ज्या निळ्या घुमटांसाठी समरकंदला जातात ते सारे नंतरचे. इब्न बतूताने पाहिलेले समरकंद 1220च्या मंगोल स्वारीतून पुरते न सावरलेले, बरेचसे पडके आणि तरीही सुंदर होते. पुढे दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला असता तो वाटेत दौलताबादला, म्हणजे देवगिरीला थांबला. हे शहर विस्ताराने आणि वैभवाने दिल्लीच्या तोडीचे आहे, असे त्याने लिहिले. त्याचे तीन भाग त्याने सांगितले: सुलतानाचे दौलताबाद, कटक आणि उंचावरचा अजिंक्य दुर्ग. येथील द्राक्षे आणि डाळिंबे त्याला आवडली. दुर्गातील तुरुंगात मांजरांहून मोठे उंदीर आहेत, अशी ऐकीव हकीकतही त्याने नोंदवली. आणि मग तो येथील व्यापाऱ्यांकडे वळतो. त्यांचा मुख्य धंदा जवाहिराचा, त्यांची संपत्ती अफाट, आणि त्यांना ‘साह’ म्हणतात, असे तो सांगतो.

साधु, साहु, साह आणि शाह अशी त्या शब्दाची वाट आहे. जुन्या जैन प्रशस्तींत आणि मूर्तिलेखांत श्रावकाच्या नावामागे ‘सा.’ असे संक्षिप्त अक्षर येते, ते हेच. इब्न बतूता त्या साऱ्यांना जैन म्हणत नाही आणि ते सारे जैन असतील असे आपणही म्हणू नये. परंतु देवगिरीत धनाढ्य श्रावकांची वस्ती होती, त्यांची चैत्ये होती आणि तेथे आचार्य वास्तव्य करीत, याचे पुरावे आपल्याच ग्रंथांत आहेत. सहाशेहून अधिक वर्षांनंतरही वांद्र्याच्या हिरेबाजारात सकाळी जाणाऱ्या मंडळींत ‘साह’ किती आहेत हे मोजायला घाटकोपरच्या फलाटावर उभे राहिले तरी पुरे.

यादव घराण्यातील पाचव्या भिल्लमाने 1187च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली. सिंघणाच्या कारकीर्दीत राज्य सर्वांत विस्तारले, आणि रामदेवरायाच्या काळात, 1290 साली, ज्ञानेश्वरी लिहिली गेली. मराठी वाचकाला एवढे ठाऊक असते. त्यानंतर 1296ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आणि 1327चे महंमद तुघलकाचे राजधानी हलवणे, येथे शाळेतील धडा संपतो. त्या धड्यात न येणारे एक नाव मांडवगडच्या पेथडशाहांचे आहे. मांडवगडच्या परमार राजाचे हे मंत्री. त्यांनी ठिकठिकाणी मिळून 84 जिनमंदिरे बांधली, असे त्यांचे चरित्र सांगणाऱ्या ‘सुकृतसागर’ या ग्रंथात म्हटले आहे. त्यांतील एक देवगिरीत व्हावे ही त्यांची इच्छा होती, पण राजधानीत मोक्याची जागा मिळणे कठीण. यादवांचा कारभार तेव्हा हेमाद्रीच्या, म्हणजे आपल्या हेमाडपंतांच्या हाती. परंपरा असे सांगते की पेथडशाहांनी ओंकारपूर येथे एक दानशाळा उघडली आणि ती स्वतःच्या नावे न चालवता हेमाद्रीच्या नावे चालवली. येणारे-जाणारे जेवून तृप्त होत आणि देवगिरीच्या मंत्र्याला दुवा देत. आपण न केलेल्या दानाची कीर्ती आपल्या कानी कशी येते याचा हेमाद्रीने शोध घेतला, पेथडशाहांची भेट झाली आणि मंदिराला जागा मिळाली.

दानावर स्वतःच्या नावाची पाटी न लावता काम साधल्याची ही कथा आहे. आपल्या उपाश्रयांच्या आणि सभागृहांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्या डोळ्यांसमोर आणून ती वाचली की तिची चव निराळी लागते.

आता जाण्याविषयी. मुलुंड-घाटकोपरच्या मंडळींना ठाणे सोयीचे; देवगिरी एक्सप्रेस तेथे थांबते. बोरिवली-अंधेरीहून निघणाऱ्यांनी दादर गाठावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून मोटारीनेही हा प्रवास पूर्वीसारखा कंटाळवाणा राहिलेला नाही. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) करावा. तेथून दौलताबाद 15 किलोमीटरच्या आसपास आणि त्याच रस्त्याने पुढे वेरूळ 30 किलोमीटर. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे आरक्षण करण्याआधी पाहावे. ऋतू म्हणाल तर कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपला की निघावे. पावसाळ्यात किल्ला हिरवागार दिसतो खरा. पण तो हिरवेपणा म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर साचलेले शेवाळ, आणि त्यावरून चालणे ज्यांच्या मनाला रुचणार नाही अशी घरे आपल्यांत पुष्कळ आहेत. घसरण्याचे भय वेगळेच.

महाकोटाच्या आत

किल्ल्याच्या दरवाजांतून वळत वळत महाकोटात शिरले की डाव्या हाताला हत्ती हौद लागतो, खडकात आणि बांधकामात घडवलेला प्रचंड चौकोनी तलाव. उजवीकडे पंधराव्या शतकातील चांदमिनार. बहुतेक सहली येथे छायाचित्रे काढून वरची वाट धरतात. जैन यात्रेकरूने मात्र येथेच सर्वांत अधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे. हत्ती हौदाजवळ एक विस्तीर्ण अंगण आहे आणि त्याच्या टोकाला खांबांचा दाट मंडप. याला आज भारतमाता मंदिर म्हणतात. 1318 साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या वेळी ही मशीद म्हणून उभी राहिली, आणि तिचे खांब हिंदू व जैन मंदिरांतून आणलेले होते. 1347 मध्ये दिल्लीशी फारकत घेऊन बहामनी राज्याची द्वाही फिरली ती याच नगरात. 1948 नंतर येथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली.

खांबांजवळ जाऊन पाहावे. एकाची नक्षी दुसऱ्याशी जुळत नाही, उंची जुळवण्यासाठी तुकड्यावर तुकडा चढवलेला दिसतो. कोणता खांब शिवालयातला आणि कोणता जिनालयातला हे सामान्य पाहणाऱ्याला सांगता येणार नाही. पेथडशाहांचे चैत्य आज या किल्ल्यात कोठेही उभे दिसत नाही. मुले विचारतात, ‘हे कोणी पाडले?’ तेव्हा उत्तर सरळ द्यावे, साल सांगावे, आणि लगेच पुढची हकीकतही सांगावी, कारण ती याच नगरात घडली आणि सहसा कोणी सांगत नाही.

मशीद उभी राहिल्यानंतर दहाएक वर्षांनी खरतर गच्छाचे आचार्य जिनप्रभसूरी देवगिरीला आले. 1328 साली दिल्लीत त्यांची महंमद तुघलकाशी भेट झाली होती. सुलतान लहरी आणि कठोर, परंतु विद्वानांशी वाद-संवाद करण्याची त्याला खरी आवड होती. सूरींच्या पांडित्याने तो प्रभावित झाला. कन्यानयन येथून नेऊन तुघलकाबादच्या कोठारात टाकलेली महावीर स्वामींची प्रतिमा त्याने परत दिली आणि तीर्थांच्या रक्षणासाठी फर्माने दिली. त्यानंतर सूरींनी दक्षिणेकडे विहार केला आणि सुमारे 3 वर्षे ते या भागात राहिले. देवगिरीत सा. पेथड, सा. सहजा आणि ठक्कुर अचल यांनी बांधलेली चैत्ये मोडली जाण्याच्या बेतात असताना त्यांनी सुलतानाचे फर्मान दाखवून ती वाचवली, अशी नोंद त्यांच्या परंपरेतील ग्रंथात आहे. एका सुलतानाच्या काळात मंदिरांचे खांब मशिदीला लागले आणि दुसऱ्याच्या कागदाने उरलेली मंदिरे काही काळ तरली. दोन्ही गोष्टी याच कोटाच्या आतल्या आहेत. एकीपुरते थांबणारा इतिहास मुलांना सांगू नये.

याच वर्षांत जिनप्रभसूरींचा ‘विविधतीर्थकल्प’ आकार घेत होता. 1333च्या सुमारास तो पूर्ण झाला. आपण ज्याला आज प्रवासमार्गदर्शिका म्हणतो तिचे मध्ययुगीन जैन रूप म्हणजे हा ग्रंथ: कोणते तीर्थ कोठे, तेथे कोणाची प्रतिमा, तिची कथा काय, सध्या स्थिती काय. महाराष्ट्रातील नाशिक आहे त्यात, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, आणि प्रतिष्ठान म्हणजे पैठणही आहे. स्वतः पायी फिरून, ऐकून आणि पाहून लिहिलेली ही तीर्थवर्णने आज इतिहासाच्या अभ्यासकांना आधारासाठी लागतात. चैत्ये गेली, ती होती हे कळते ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणून. आपल्या देरासरांच्या सहली जेथे जातात तेथील पाट्या, मूर्तिलेख आणि जुन्या वह्या उतरवून घेणारा एक तरी तरुण प्रत्येक सहलीत असावा, असे येथे उभे राहिल्यावर फार वाटते.

महाकोटापुढे कालाकोट. तेथील चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने कैदेत ठेवले होते. निळ्या चिनीमातीच्या नक्षीचे काही तुकडेच आता भिंतीवर उरले आहेत. पलीकडच्या बुरुजावर मेंढा तोफ, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे शिर घडवलेले. ही तोफ मुलांना इतकी आवडते की तेथून हलवायला कष्ट पडतात.

मग खरा दुर्ग सुरू होतो. डोंगराचा तळ सभोवार तासून उभा कडा केला आहे आणि त्याच्या पायाशी खडकात खोदलेला खंदक. तो ओलांडायला एकच अरुंद वाट. तिच्यापुढे अंधारी: डोंगराच्या पोटातून वळणे घेत वर चढणारा बोगदा. शत्रू आत शिरला की वरून उकळते तेल किंवा धूर, चुकीच्या वळणाला खोल दरी, असा सारा बेत. वाटाड्या मशाल पेटवून ही वर्णने रंगवून सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात. आत वटवाघळे आहेत, वासही उग्र आहे. साधूंना सांगितलेली ईर्यासमिती म्हणजे पुढची चार हात जमीन पाहून, कोणा जिवावर पाय पडू न देता चालणे. येथे वास्तुकाराने नेमका तिच्या उलट विचार केला आहे, चालणाऱ्याला पुढचे पाऊल दिसूच नये. हातात विजेरी ठेवावी, पायाखाली पाहत चालावे, आणि अंधाराचा त्रास होणाऱ्यांनी बाहेरच्या पायऱ्यांची वाट विचारून घ्यावी.

वरपर्यंत सातशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्या ज्येष्ठांनी महाकोटात सावलीला बसावे, त्यात काही उणेपणा नाही. पाहण्यासारखे अर्ध्याहून अधिक तेथेच आहे. चढणाऱ्यांनी सकाळीच चढावे आणि उकळून गार केलेले पाणी पुरेसे सोबत घ्यावे. वाटेत मोगलकाळातील बारादरी लागते, तिच्या झरोक्यांतून सारे पठार दिसते. त्याहून वर जनार्दनस्वामींचे स्थान. हे निजामशाहीत या किल्ल्याचे किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू. पैठणचा कोवळा एकनाथ ज्ञानासाठी या गडावर आला तो यांच्यापाशी. माथ्यावर तोफ आहे, वारा आहे आणि चारी दिशांना उघडा मुलूख आहे. वायव्येला वेरूळचे डोंगर.

उतरल्यावर पायथ्याशी हंगामात सीताफळांच्या आणि अंजिरांच्या टोपल्या घेऊन विक्रेते बसतात. दौलताबादची ही फळे प्रसिद्ध आहेत. अंजीर पंच उदुंबरांत धरले जात असल्याने आपल्या अनेक घरांत ते चालत नाही. द्राक्षे मात्र इब्न बतूताने वाखाणलेली आहेत, तीच घ्यावीत.

चारणाद्री

दौलताबादहून वेरूळला जाताना घाट चढून खुलताबाद लागते. औरंगजेबाची साधी, आकाशाखालची कबर येथे आहे. मलिक अंबरचीही. ज्यांना वेळ आहे त्यांनी थांबावे.

वेरूळला एकूण 34 क्रमांकित लेणी, 1983 पासून जागतिक वारसा. पर्यटक कैलास लेणे पाहून थकतात आणि परत फिरतात. आपली लेणी, क्रमांक 30 ते 34, उत्तरेच्या टोकाला, कैलासापासून एक-दीड किलोमीटरवर आहेत. म्हणून क्रम उलटा धरावा. सकाळी दार उघडताच वाहनाने थेट जैन लेण्यांकडे जावे. त्या वेळी तेथे कोणी नसते, ऊन कोवळे असते आणि इंद्रसभेच्या अंगणात पारव्यांखेरीज कशाचा आवाज नसतो.

ही लेणी दिगंबर परंपरेची, मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकांतील, राष्ट्रकूटांच्या काळातली. त्याच घराण्यातील अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेन ग्रंथरचना करीत होते. 32 क्रमांकाच्या इंद्रसभेत शिरताना अंगणात अखंड दगडातून कोरलेले चौमुखी मंदिर आहे, एका बाजूला हत्ती आणि दुसरीकडे मानस्तंभ. इंद्रसभा हे नाव चुकीच्या ओळखीतून पडले. हत्तीवर बसलेली जी भव्य आकृती लोकांना इंद्र वाटली तो वस्तुतः यक्ष आहे, आणि सिंहावर बसून आंब्याच्या झाडाखाली विसावलेली ‘इंद्राणी’ म्हणजे नेमिनाथांची यक्षिणी अंबिका. त्या झाडाकडे नीट पाहावे. पानापानाच्या झुबक्यांत फळे लगडली आहेत, पक्षी बसले आहेत. कातळात एवढे ओले, भरलेले झाड अन्यत्र क्वचितच दिसेल.

आत दोन प्रतिमा समोरासमोर येतात, आणि या लेण्यांत त्या पुन्हा पुन्हा येतात. एकीकडे पार्श्वनाथ उभे आहेत, भोवती कमठाचा सारा उपद्रव चालला आहे, कोणी शिळा उचलली आहे, कोणी सिंहावरून येत आहे, आणि डोक्यावर नागफणांचे छत्र. समोर बाहुबली, त्यांच्या अंगावर वेली चढल्या आहेत, पायांशी प्राणी निर्धास्त बसले आहेत. एकाभोवती वादळ आणि दुसऱ्याभोवती शांत अरण्य. दोघांच्या चेहऱ्यांत मात्र फरक नाही. श्रवणबेळगोळला आपण बाहुबलींच्या उंचीने दिपतो. येथे ते माणसाच्या मापाचे आहेत, जवळ जाऊन चेहरा पाहता येतो. वरच्या मजल्यावर छताकडे पाहायला विसरू नये. जुन्या रंगचित्रांचे अवशेष तेथे टिकले आहेत, ढगांतून विहरणाऱ्या आकृती ओळखू येतात. 33 क्रमांकाच्या जगन्नाथ सभेत कोरीवकाम अधिक सुस्थितीत आहे. 30 क्रमांकाचा छोटा कैलास अपुरा राहिला. तो का राहिला यावर तर्क करीत बसण्याऐवजी छिन्नीच्या खुणा पाहाव्यात.

देवगिरीचा जो माग आपण काढत आहोत तो मात्र या लेण्यांच्या वरच्या डोंगरावर आहे. तेथे पार्श्वनाथांची सुमारे 16 फूट उंचीची पद्मासनस्थ प्रतिमा आहे. तिच्यावरील लेख शके 1156चा, म्हणजे 1234-35चा. वर्धनपूरच्या गालुगीचा पुत्र चक्रेश्वर याने या चारणाद्रीवर ही प्रतिमा घडवली, असे त्यात सांगितले आहे. त्या वर्षी देवगिरीच्या गादीवर सिंघण यादव होता आणि राजधानी ऐन भरात होती. खालची लेणी तोवर साडेतीनशे वर्षांची जुनी झाली होती. मोठी लेणी कोरण्याचा काळ सरला होता, तरी एका गृहस्थाने राजाचे नाव न घेता, आपल्या बापाचे नाव घेऊन, जुन्या तीर्थाच्या माथ्यावर नवे बिंब उभे केले. देवगिरीच्या कोटातील चैत्ये गेली. तेथून काही कोसांवरचे हे बिंब राहिले आणि आजही पूजेत आहे. वेरूळ गावात पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रमाचे जैन गुरुकुलही आहे. दुपारच्या भोजनाची चौकशी आधी कळवून तेथे करता येते.

संभाजीनगर शहरात संध्याकाळी फिरायला पाणचक्की उत्तम. बुखाऱ्याजवळच्या गुजदवान येथून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा दर्गा. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणून, उंचावरून सोडून त्यावर जाते फिरवले, आणि त्या पिठाच्या भाकरी येणाऱ्या वाटसरूंना घातल्या. मध्य आशियातून येथवर पायी आलेल्या फकिराचे अन्नछत्र आणि मांडवच्या श्रावकाची दानशाळा, दोन्ही एकाच मुलखाच्या आठवणीत आहेत. बीबी का मकबरा ताजमहालाशी तुलना करीत पाहू नये, नाहीतर निराशा होते. त्याच्या घुमटाचा वंश समरकंदच्या तैमूरी मकबऱ्यापर्यंत मागे जातो, हे लक्षात ठेवून पाहावा. पैठणी आणि हिमरू यांच्या दुकानांत भगिनीवर्ग रमतोच. रेशमाच्या धाग्यासाठी कोशातला जीव जातो म्हणून रेशीम वर्ज्य मानणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ जणी आहेत. त्यांनी विणकामाची कला पाहावी, बुट्ट्यांची नावे विचारावीत, आणि सुती वस्त्र मागावे. दुकानदार समजून घेतो.

पैठणची चौथ

तिसऱ्या दिवशी पैठण. अंतर सुमारे 50 किलोमीटर. देवगिरीच्या हजारएक वर्षे आधी ही सातवाहनांची राजधानी होती, गोदाकाठची, दूरदूरच्या बंदरांशी व्यापार करणारी. जुन्या वैभवाचे डोळ्यांना दिसेल असे येथे फार थोडे आहे: घाट, टेकाडे, नाथांचा वाडा आणि समाधी, धरणाचे पाणी. दिगंबर जैन मंदिरात मुनिसुव्रत स्वामींची श्यामवर्ण प्रतिमा आहे, तिचे दर्शन घ्यावे. जिनप्रभसूरींच्या कल्पातही पैठणचे नाते मुनिसुव्रतांशीच जोडलेले आहे.

पण पैठण आपल्या घराघरांत आहे ते वेगळ्या रीतीने. कालकाचार्यांची कथा प्रसिद्ध आहे. उज्जयिनीच्या गर्दभिल्लाने त्यांच्या साध्वी भगिनीचे, सरस्वतीचे, हरण केले तेव्हा ते शककुळात गेले आणि तेथील शाहींना घेऊन आले. शक म्हणजे मध्य आशियातून उतरलेले लोक. कथेच्या सचित्र हस्तप्रतींत चित्रकारांनी त्या शाहींना परके अंगरखे, दाढ्या आणि टोप्या दिल्या आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात अशी एक हस्तप्रत आहे. याच आचार्यांच्या नावाने सांगितली जाणारी दुसरी घटना प्रतिष्ठानातली. सातवाहन राजाने त्यांना विनवले की भाद्रपद शुद्ध पंचमीला नगरात इंद्रमहोत्सव असतो, मला त्याला हजर राहावे लागते, पर्युषणाची आराधना घडत नाही. तिथी पुढे न्यावी. पुढे नेता येत नाही, असे आचार्य म्हणाले, आणि ती एक दिवस अलीकडे, चतुर्थीला आणली. एकच कालकाचार्य की त्या नावाचे अनेक, यावर विद्वानांत चर्चा आहे. परंपरेत मात्र चौथ रुजली ती येथून.

म्हणून आजही घाटकोपरच्या एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मूर्तिपूजक घरात संवत्सरी चौथीला होते आणि चौथ्या मजल्यावरच्या स्थानकवासी घरात पंचमीला, आणि दिगंबर शेजाऱ्यांचे दशलक्षण पर्व त्याच पंचमीला सुरू होते. जिन्यात भेटल्यावर एक जण कालच ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून मोकळा झालेला असतो आणि दुसऱ्याचे अजून व्हायचे असते. हा फरक ज्या नगरात पडला असे सांगतात त्या नगराच्या घाटावर उभे राहून तो मुलांना समजावून देता येतो. पंचांगात वाचण्याहून तो तेथे अधिक कळतो.

घाटावर सावली कमी आहे, म्हणून दुपार नाथांच्या वाड्याच्या बाजूला घालवावी आणि नदीकडे ऊन कलल्यावर जावे. परतीची गाडी रात्रीची असेल तरी संभाजीनगरला पोहोचून जेवू असे ठरवू नये. थंडीच्या दिवसांत सहाच्या आत सूर्य मावळतो, पैठणहून शहरात शिरायला सव्वा-दीड तास लागतो, आणि चौविहार करणाऱ्यांचा डबा मग उघडता येत नाही. पाचच्या सुमारास मंदिराच्या आवारातच जेवून, पाणी पिऊन निघावे.